डाळमिल, जिनिंग, पतसंस्था: सर्व्हरचा बॅकअप आणि रेप्लिकेशन पहिल्यांदा बसवताना

जळगाव एमआयडीसीतली डाळमिल, धरणगावकडची जिनिंग, सावद्याचं केळीचं पॅकहाऊस, दोंडाईच्यातला मिरचीचा व्यापारी किंवा तालुक्याच्या गावची पतसंस्था. कुठेही गेलात तरी सर्व्हरच्या खोलीतलं चित्र साधारण सारखंच दिसतं. एखादा मोठा सर्व्हर, त्यावर चार-पाच व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने बनवलेले वेगवेगळे सर्व्हर), कोपऱ्यात वजनकाट्याचा जुना फिजिकल सर्व्हर आणि बॅकअप म्हणून मागच्या बाजूला कायमची अडकवून ठेवलेली यूएसबी डिस्क. रॅन्समवेअर शिरलं की ती डिस्कही बाकीच्या ड्राइव्हसोबत कुलूपबंद होते, कारण विंडोजच्या दृष्टीने तीही एक साधी ड्राइव्हच असते.

अशा ठिकाणी पहिल्यांदाच नीट बॅकअप बसवायला निघालेल्यांसाठी हा लेख आहे. पायऱ्या व्हीम बॅकअप अँड रेप्लिकेशनच्या १२ व्या आवृत्तीच्या आहेत. त्याची कम्युनिटी एडिशन १० वर्कलोडपर्यंत (म्हणजे बॅकअप घ्यायचे सर्व्हर, व्हर्च्युअल किंवा फिजिकल) मोफत चालते आणि आपल्याकडच्या बहुतेक कार्यालयांचं काम तेवढ्यात भागतं. तुमच्याकडे सगळंच प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर असेल तर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर हा मुक्तस्रोत पर्याय चांगला आहे. तिथे बटणं वेगळी असतील, पण पुढचा हिशेब आणि बहुतेक धोके तेच राहतात.

हिशेबासाठी एक मिल डोळ्यांसमोर ठेवू. जळगावात व्हीएमवेअरचा एक होस्ट (व्हर्च्युअल मशीन चालवणारा सर्व्हर) आहे आणि त्यावर पाच व्हर्च्युअल मशीन आहेत: डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची खाती आणि पासवर्ड सांभाळणारा), एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालणारं ईआरपी (कारभाराचं सॉफ्टवेअर), फाइल सर्व्हर, टॅली आणि हजेरी. वजनकाट्याचा विंडोज सर्व्हर वेगळा, फिजिकल. वापरलेली जागा सगळी मिळून १.८ टीबी. धुळ्याला शाखा आहे आणि तिथे दुसरा, लहान होस्ट आहे. एकूण वर्कलोड सहा.

एक गोष्ट मालकालाही आधी समजावून सांगा: बॅकअप आणि रेप्लिकेशन यांची कामं वेगळी आहेत. रेप्लिकेशन म्हणजे मशीनची चालू करायला तयार अशी जुळी प्रत (रेप्लिका) दुसऱ्या होस्टवर ठेवणं. सकाळी ११ वाजता कुणी चुकून एका व्यापाऱ्याचं खातं पुसलं, तर १२ च्या रेप्लिकातही ते पुसलेलंच जातं. रेप्लिकात मागच्या थोड्या वेळा राखता येतात, पण मागच्या मार्चमधली वही त्यातून निघणार नाही. ती बॅकअपमधूनच येते. उलट होस्टचा मदरबोर्ड जळाला तर बॅकअपमधून सगळं उभं करायला तास लागतात आणि रेप्लिका काही मिनिटांत सुरू होतो. पैसे कमी असतील तर आधी बॅकअप पूर्ण करा, रेप्लिकेशन नंतर.

१. प्रत्येक सर्व्हरसाठी दोन आकडे ठरवा

सॉफ्टवेअर डाउनलोड करायच्या आधी मालक, मुनीम आणि गेटवरचा माणूस यांना दोन प्रश्न विचारा. किती तासांचं काम पुन्हा हाताने भरता येईल? आणि हा सर्व्हर किती वेळ बंद राहिला तर चालेल?

उत्तरं अनपेक्षित येतात. सगळ्यात महत्त्वाचं ईआरपी असेल असं आपण धरून चालतो. पण हंगामात कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली असते आणि काट्याचा सर्व्हर बसला की अर्ध्या तासात गेटवर आरडाओरडा सुरू होतो. तिथे छापील पावतीपुस्तक तयार असेल तर दोन-तीन तास निभतात, नसेल तर एकही तास निभत नाही. हजेरीचा सर्व्हर मात्र दोन दिवस बंद राहिला तरी कुणाचं अडत नाही, कारण नोंदी यंत्रातच साठलेल्या असतात.

आपल्या मिलसाठी आकडे असे धरू: ईआरपीचं जास्तीत जास्त १५ मिनिटांचं काम गेलं तर चालेल आणि ते ४ तासांत उभं राहायला हवं. काटा २ तासांत. टॅली आणि फाइल सर्व्हर एका दिवसात. हे कागदावर लिहून मालकाची सही घ्या. पुढे डिस्कच्या खर्चावरून वाद झाला की हाच कागद कामी येतो.

२. ही सामग्री आणि कागद जमवा

- प्रत्येक सर्व्हरचं नाव, आयपी पत्ता, ऑपरेटिंग सिस्टिम आणि वापरलेली जागा (डिस्कचा आकार नको, वापर हवा)
- व्हीसेंटर (व्हीएमवेअरचे होस्ट सांभाळणारं सॉफ्टवेअर) किंवा होस्टचा ॲडमिन पासवर्ड, प्रत्येक विंडोजचा ॲडमिन पासवर्ड
- व्हीएमवेअरच्या लायसन्सची प्रत
- विंडोज, एसक्यूएल सर्व्हर आणि टॅलीच्या लायसन्स की. ड्राइव्हवर बिटलॉकर असेल तर त्याच्या रिकव्हरी की
- बॅकअप सर्व्हरसाठी वेगळं यंत्र: ४ कोर, १६ जीबी रॅम, एसएसडी
- रेपॉझिटरीसाठी (बॅकअप साठवायच्या जागेसाठी) दुसरं यंत्र, लिनक्स चालेल असं
- १ जीबीपीएसचा स्विच आणि कॅट ६ केबल
- यूएसबी डिस्क दोन, पेनड्राइव्ह एक
- ऑनलाइन यूपीएस

व्हीएमवेअरच्या लायसन्सवर यादीत जोर आहे, त्याला कारण आहे. ईएसएक्सआय म्हणजे होस्टवर चालणारी व्हीएमवेअरची प्रणाली. मोफत ईएसएक्सआय होस्टमध्ये बॅकअप सॉफ्टवेअरला लागणारे एपीआय (जोडणीचे दरवाजे) बंद असतात. होस्ट जोडला जातो, यादीत मशीन दिसतात आणि जॉब (बॅकअपचं ठरवून दिलेलं काम) पहिल्याच रात्री पडतो. मग लोक आठवडाभर नेटवर्क तपासत बसतात. अशा ठिकाणी दोन मार्ग आहेत: सशुल्क लायसन्स घ्या, किंवा प्रत्येक व्हर्च्युअल मशीनच्या आत एजंट (बॅकअप घेणारं छोटं सॉफ्टवेअर) टाकून त्याला फिजिकल सर्व्हरसारखं वागवा.

व्हर्च्युअल मशीनची यादी करताना त्यांच्या डिस्कचा प्रकारही पाहा. व्हीएमवेअरमधली इंडिपेंडंट डिस्क आणि फिजिकल मोडमधली आरडीएम (मशीनला थेट जोडलेली) डिस्क होस्टवरून घेतलेल्या बॅकअपमध्ये येत नाही. जॉब मात्र हिरवा दिसतो.

३. जागेचा हिशेब

मूळ डेटा १.८ टीबी. कॉम्प्रेशन आणि डीडुप्लिकेशननंतर तो साधारण निम्मा होतो असं धरा, म्हणजे पूर्ण बॅकअप ०.९ टीबी. रोज ५ टक्के डेटा बदलतो असं धरलं तर ९० जीबी, दाबून ४५ जीबी. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग किंवा स्कॅन केलेले फोटो असतील तर निम्म्याचा हिशेब विसरा. ते आधीच दाबलेले असतात, आणखी आकसत नाहीत. सीसीटीव्ही बॅकअपमध्ये घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता १४ दिवस ठेवायचे आणि आठवड्याला एक पूर्ण बॅकअप घ्यायचा असेल, तर प्रत्यक्षात डिस्कवर १४ नाही, २० पर्यंत प्रती साठतात. जुनी साखळी (एक पूर्ण बॅकअप आणि त्यावरचे रोजचे बदल) तिच्या शेवटच्या दिवसाची मुदत संपेपर्यंत तोडता येत नाही. साध्या डिस्कवर याचे होतात तीन पूर्ण बॅकअप २.७ टीबी आणि वर ०.८ टीबी इन्क्रिमेंटल (रोजचे बदल), मिळून ३.५ टीबी. हीच साखळी एक्सएफएस फाइल सिस्टिमवर रीफ्लिंक चालू करून ठेवली तर न बदललेले ब्लॉक पुन्हा लिहिले जात नाहीत आणि सगळं १.८ टीबीच्या आसपास बसतं. विंडोजवर हीच सोय रीएफएस देतं, पण फॉरमॅट करताना क्लस्टर ६४ केबीचा घ्या.

महिन्याअखेरच्या १२ प्रतींसाठी आणखी २ टीबी आणि वर वाढीची मोकळी जागा धरली की ८ टीबी वापरायला मिळेल अशी रेपॉझिटरी हवी. ४ टीबीच्या चार डिस्क रेड ६ मध्ये (दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो अशा मांडणीत) लावल्या की तेवढी मिळते. डिस्क घेताना एसएमआर प्रकारच्या (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) नकोत. स्वस्त मिळतात, पण रेडमधली एक डिस्क बदलल्यावर पुन्हा बांधणी करताना त्या इतक्या मंदावतात की कंट्रोलर चांगली डिस्कही मेली असं समजून बाहेर काढतो.

किती महिने ठेवायचं हे कायद्यावरूनही ठरतं. खासगी मर्यादित कंपनी असेल तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज भारतातच असलेल्या सर्व्हरवर घेणं बंधनकारक आहे आणि वह्या ८ वर्षं जपाव्या लागतात. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. त्यासाठी रोजच्या साखळीत आठ वर्षं ओढत बसू नका. ३१ मार्चची एक प्रत दर वर्षी वेगळ्या डिस्कवर काढून तिजोरीत ठेवा.

४. खोली आणि वीज

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याखालच्या खोलीतला एसी बंद पडला की रॅकमधलं तापमान भराभर चढतं, आणि हार्ड डिस्कची कामाची मर्यादा बहुधा ६० अंशांपर्यंतच असते. वीज जाऊन आल्यावर आपोआप सुरू होणारा एसी घ्या. रविवारी पहाटे वीज येते, सर्व्हर सुरू होतात, एसी मात्र सोमवारी कुणी रिमोट दाबेपर्यंत बंदच राहतो, हा प्रकार फार ठिकाणी घडतो.

यूपीएसला बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर नीट बंद करणारी केबल आणि सॉफ्टवेअर जोडा. रेपॉझिटरीच्या रेड कंट्रोलरवर राइट कॅश (लिहायचा डेटा तात्पुरता धरणारी मेमरी) चालू ठेवायचा असेल तर त्याची बॅटरी चांगली हवी. नाहीतर कॅश बंद करा आणि थोडा संथ वेग सोसा. वजनकाट्यापासून ऑफिसपर्यंत तांब्याची केबल उघड्यावरून आली असेल तर वळवाच्या पावसाआधी ती काढून फायबर टाका. वीज कडाडली की धक्का त्याच केबलने स्विचपर्यंत येतो.

५. बॅकअप सर्व्हर बसवा

विंडोज सर्व्हर २०२२ कोरा टाका. सगळे अपडेट घ्या. आणि हे यंत्र डोमेनमध्ये जोडू नका. या लेखातली एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा. डोमेन ॲडमिनचा पासवर्ड ज्याच्या हाती लागतो तो डोमेनमधल्या प्रत्येक यंत्रावर शिरू शकतो, आणि हल्लेखोर डेटा लॉक करायच्या आधी बॅकअप शोधून पुसतो. बॅकअप सर्व्हर वर्कग्रुपमध्ये ठेवा, त्याचं खातं आणि पासवर्ड इतर कुठेही वापरलेला नसावा. त्यावर ब्राउझर, मेल, टॅली काहीच नको. ज्या होस्टचा बॅकअप घ्यायचा त्याच होस्टवर हा सर्व्हर व्हर्च्युअल मशीन म्हणूनही नको.

आयएसओ लावून इन्स्टॉलर चालवा. १२ वी आवृत्ती स्वतःसाठी पोस्टग्रेएसक्यूएलचा डेटाबेस आपोआप टाकते, तो तसाच राहू द्या. लायसन्सची फाइल विचारली तर काही न देता पुढे जा, कम्युनिटी एडिशन लागते. कन्सोल ९३९२ पोर्टवर उघडतं.

फायरवॉलवर हे पोर्ट उघडे हवेत: बॅकअप सर्व्हरवरून व्हीसेंटरकडे ४४३, प्रत्येक ईएसएक्सआय होस्टकडे ९०२, विंडोज यंत्रांकडे ४४५ आणि ६१६०, रेपॉझिटरीकडे ६१६२ आणि २५०० ते ३३००. बाहेरच्या इंटरनेटवरून यातला एकही पोर्ट उघडा नको आणि रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ तर कुठल्याच सर्व्हरचा नको. बाहेरून काम करायचं असेल तर व्हीपीएनवरूनच.

इथला नेहमीचा अडथळा नावांचा असतो. व्हीसेंटर जोडलं, मशीन दिसले, पण जॉब ९०२ वर अडकला, तर बहुतेक वेळा बॅकअप सर्व्हरला ईएसएक्सआय होस्टचं नाव ओळखता येत नाही. तो डोमेनबाहेर असल्याने हे होणारच. सगळ्या होस्टची नावं आणि आयपी त्याच्या होस्ट्स फाइलमध्ये हाताने लिहा. डोमेन कंट्रोलर पडलेला असतानाही मग बॅकअप सर्व्हर चालतो, हा मोठा फायदा.

लगेच मेन्यूमधलं कॉन्फिगरेशन बॅकअप उघडा. ते मुळात बॅकअप सर्व्हरच्याच डिस्कवर जातं, म्हणजे सर्व्हर जळाला की तेही जळतं. ठिकाण बदलून पुढे बनवाल ती रेपॉझिटरी द्या आणि एन्क्रिप्शन चालू करा. एन्क्रिप्शनशिवाय साठवलेले पासवर्ड त्यात जातच नाहीत, मग नव्या यंत्रावर सगळे पुन्हा भरावे लागतात.

६. पुसता न येणारी रेपॉझिटरी

दुसऱ्या यंत्रावर उबुंटू सर्व्हरची एलटीएस आवृत्ती टाका. सिस्टिम लहान एसएसडीवर, डेटा रेड ६ वर. डेटाचं व्हॉल्यूम एक्सएफएसने फॉरमॅट करताना ब्लॉक साइज ४०९६, रीफ्लिंक १ आणि सीआरसी १ हे पर्याय स्पष्ट द्या. बॅकअपसाठी एक साधा वापरकर्ता बनवा, फोल्डरची मालकी त्याला द्या आणि परवानगी ७०० ठेवा.

मग कन्सोलमध्ये बॅकअप इन्फ्रास्ट्रक्चर, बॅकअप रेपॉझिटरीज, ॲड रेपॉझिटरी, आणि त्यात हार्डन्ड प्रकार निवडा. क्रेडेन्शियल देताना सिंगल-यूजचा पर्याय घ्या. हा पासवर्ड फक्त जोडणीपुरता वापरला जातो, बॅकअप सर्व्हरवर साठत नाही. त्यामुळे बॅकअप सर्व्हर हल्लेखोराच्या ताब्यात गेला तरी रेपॉझिटरीत शिरायची चावी त्याला तिथे मिळत नाही. एक्सएफएसवर फास्ट क्लोनिंगची खूण करा आणि इम्युटेबलचे (पुसता न येण्याचे) दिवस १४ द्या. कमीत कमी ७ देता येतात.

जोडणी झाली की तीन गोष्टी करा. त्या वापरकर्त्याला सुडो (ॲडमिनचे अधिकार) दिला असेल तर काढून घ्या. एसएसएच (नेटवर्कवरून शिरायची सोय) बंद करा. आणि सर्व्हरच्या मागे रिमोट मॅनेजमेंटचा वेगळा लॅन पोर्ट असेल तर त्यातली केबल काढून ठेवा. फाइल पुसता येत नाही हे खरं, पण त्या पोर्टमधून शिरलेला माणूस सगळं रेडच पुसू शकतो.

इथला मोठा सापळा महिन्याअखेरच्या प्रतींचा आहे. त्या प्रती १४ दिवसांसाठी नाही, तर त्यांच्या पूर्ण मुदतीसाठी कुलूपबंद होतात. उत्साहाच्या भरात ६० मासिक प्रती ठरवल्या आणि दीड वर्षात डिस्क भरली, तर तुम्हालाही त्या पुसता येत नाहीत. सुरुवात १२ वर करा.

७. व्हर्च्युअल मशीनचा पहिला जॉब

मॅनेज्ड सर्व्हर्समध्ये व्हीएमवेअर व्हीस्फिअर जोडा. नवा बॅकअप जॉब करून पाचही मशीन त्यात घ्या, मुदत १४ दिवस, सिंथेटिक फुल (आधीच्या प्रतींतूनच रचलेला पूर्ण बॅकअप) दर शनिवारी. इम्युटेबल रेपॉझिटरीला नियमित पूर्ण बॅकअप लागतोच. वेळ रात्री ११ ची ठेवा. पण हंगामात जिनिंग रात्रपाळीत चालत असेल तर पाळी बदलण्याची वेळ टाळा, कारण स्नॅपशॉट (बॅकअपसाठी धरून ठेवलेली मशीनची क्षणस्थिती) मिटताना मशीन क्षणभर अडखळतं आणि ऑपरेटरला ते लगेच जाणवतं. डेटास्टोअरमध्ये (होस्टवर मशीनच्या डिस्क राहतात त्या जागेत) १५ टक्के जागा मोकळी हवी. स्नॅपशॉट वाढून डेटास्टोअर भरला की त्यावरची मशीन जागच्या जागी थांबतात.

ॲप्लिकेशन-अवेअर प्रोसेसिंग डोमेन कंट्रोलर आणि ईआरपीसाठी चालू करा. यात विंडोजची व्हीएसएस सेवा डेटाबेसला क्षणभर थांबवून सुसंगत प्रत देते. एसक्यूएल सर्व्हरसाठी लॉगचा (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीचा) बॅकअप दर १५ मिनिटांनी चालू करा. पहिल्या पायरीत ठरलेला १५ मिनिटांचा आकडा इथे पूर्ण होतो. त्यासाठी डेटाबेसचं रिकव्हरी मॉडेल फुल असायला हवं.

आता इथे थांबून ईआरपी बसवणाऱ्याला फोन करा. त्याने एसक्यूएलमध्ये स्वतःचा लॉग बॅकअप आधीच लावलेला असेल तर दोन सॉफ्टवेअर मिळून लॉगची साखळी तोडतात. अर्धे लॉग एकाकडे, अर्धे दुसऱ्याकडे, आणि हव्या त्या मिनिटावर परत जाणं कुणालाच जमत नाही. एकाचाच लॉग बॅकअप ठेवा. त्याचा ठेवायचा असेल तर व्हीममध्ये कॉपी-ओन्ली (लॉगला हात न लावणारी प्रत) निवडा. उलट कुणीच लॉगचा बॅकअप घेत नसेल तर लॉगची फाइल वाढत वाढत डिस्क खाते. १० जीबीच्या डेटाबेसला २०० जीबीचा लॉग दिसला तर कारण हेच.

आत शिरताना ॲक्सेस नाकारला गेला, तर खातं तपासा. नव्याने बनवलेलं स्थानिक ॲडमिन खातं यूएसी या विंडोजच्या अधिकार-नियंत्रणामुळे नेटवर्कवरून पूर्ण अधिकार वापरू शकत नाही. मुळातलं ॲडमिनिस्ट्रेटर खातं किंवा डोमेनचं खातं लागतं. व्हीएसएसची चूक आली तर त्या मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये व्हीएसएसॲडमिन लिस्ट रायटर्स चालवून कुठला रायटर फेल्ड दाखवतो ते पाहा. त्याची सेवा पुन्हा सुरू केली की बहुतेक वेळा काम होतं.

टॅलीला स्वतःचा व्हीएसएस रायटर नाही. सगळ्यांनी बाहेर पडल्यावर घेतलेली प्रत चांगली येते, वापर चालू असताना घेतलेलीचा भरवसा नाही. म्हणून टॅलीचा स्वतःचा बॅकअप जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी त्याच मशीनवरच्या एका फोल्डरमध्ये घ्यायला सांगा. रात्रीच्या जॉबमध्ये तो आपोआप येतो.

पहिली रात्र वेगाची परीक्षा असते. १ जीबीपीएसवर सेकंदाला साधारण १०० एमबी मिळतात, म्हणजे १.८ टीबी वाचायला ५ तास. सकाळी आलात आणि काम जेमतेम पाचवा हिस्सा झालेलं असेल तर स्विचचा दिवा पाहा. केबलच्या आठपैकी एक तार तुटली की जोडणी मुकाट १०० एमबीपीएसवर उतरते आणि ५ तासांचे ५० तास होतात.

८. वजनकाट्याचा फिजिकल सर्व्हर

इन्व्हेंटरीत फिजिकल इन्फ्रास्ट्रक्चरखाली प्रोटेक्शन ग्रुप बनवा, त्यात सर्व्हरचा आयपी आणि ॲडमिन खातं द्या. एजंट तिथून आपोआप बसतो. जॉबमध्ये एन्टायर कॉम्प्युटर निवडा. फक्त फोल्डर निवडून जागा वाचवायचा मोह होतो, पण काट्याच्या सर्व्हरवर सिरियल पोर्टची जुनी कार्डं, त्यांचे आता न मिळणारे ड्रायव्हर आणि कधीकाळी कुणीतरी केलेल्या सेटिंग असतात. डेटा परत मिळूनही काटा चालू होत नाही.

त्या सर्व्हरसाठी रिकव्हरी मीडिया बनवा आणि पेनड्राइव्हवर टाका. मग एका रविवारी त्यावरून सर्व्हर बूट करून फक्त एवढंच पाहा: डिस्क दिसते का, लॅन दिसतं का, रेपॉझिटरी सापडते का. रेड कंट्रोलरचा ड्रायव्हर मीडियात नसेल तर पडद्यावर एकही डिस्क येत नाही. हे गेटवर रांग लागलेली असताना कळू नये.

या बॅकअपमधून इन्स्टंट रिकव्हरीने (थेट बॅकअपच्या फाइलवरून मशीन चालू करून) काटा व्हीएमवेअरवर व्हर्च्युअल मशीन म्हणूनही उभा करता येतो. दोन तासांचा आकडा त्यानेच गाठता येतो. अडचण सिरियल पोर्टची राहते, म्हणून सिरियल ते इथरनेट कन्व्हर्टर आधीच घेऊन एकदा जोडून पाहा.

९. दुसरी प्रत धुळ्याला

धुळ्याला एक रेपॉझिटरी बनवा, दोन्ही ठिकाणी साइट-टू-साइट व्हीपीएन लावा आणि बॅकअप कॉपी जॉब चालू करा. जोडणीची जाहिरातीतली गती पाहू नका, अपलोडची पाहा. १०० एमबीपीएसमधून ७० टक्के धरले तर तासाला ३१ जीबी जातात. रोजचे ४५ जीबी दीड तासात. २० एमबीपीएस असेल तर रोजचे सात तास लागतात, तेही निभतं. पण पहिला ०.९ टीबी पाठवायला त्याच जोडणीवर सहा दिवस लागतील.

म्हणून पहिली प्रत गाडीने न्या. जळगावहून धुळे शंभर किलोमीटरच्या आत आहे. जॉबला एन्क्रिप्शन लावा, पूर्ण बॅकअपच्या आणि मेटाडेटाच्या फाइल यूएसबी डिस्कवर घ्या, धुळ्याच्या रेपॉझिटरीत कॉपी करा, कन्सोलमधून रीस्कॅन करा आणि कॉपी जॉबमध्ये मॅप बॅकअप वापरून त्या फाइलींशी जोडा. त्यानंतर फक्त बदल जातात. मॅप करायला विसरलात तर जॉब निमूटपणे सगळं पुन्हा पहिल्यापासून पाठवू लागतो.

एन्क्रिप्शनचा पासवर्ड हरवला तर बॅकअप गेला, कुणीही तो उघडू शकत नाही. दोन बंद पाकिटं करा: एक मालकाच्या घरी, एक धुळ्याच्या तिजोरीत. दोन यूएसबी डिस्क आलटून-पालटून लावायच्या असतील तर रेपॉझिटरीत रोटेटेड ड्राइव्हजची खूण करा आणि एक डिस्क कायम इमारतीबाहेर राहील असं पाहा.

१०. रेप्लिकेशन

फक्त ईआरपी आणि डोमेन कंट्रोलर घ्या. धुळ्याचा होस्ट लहान आहे, पाचही मशीन तो ओढणार नाही. तिथे एक प्रॉक्सी (डेटा वाहून नेणारं यंत्र) बसवा, जॉबमध्ये रेप्लिका सीडिंग निवडून धुळ्यात पोहोचलेला बॅकअप दाखवा. वेळ दर ४ तासांनी. रिस्टोअर पॉइंट ७ पुरेत. व्हीएमवेअरवर २८ च्या वर ठेवता येत नाहीत आणि प्रत्येक पॉइंट हा तिथल्या मशीनवरचा स्नॅपशॉट असतो, जागा खातो. धुळ्याचं नेटवर्क वेगळं असल्याने नेटवर्क मॅपिंग आणि विंडोज मशीनसाठी री-आयपीचे (आयपी पत्ता बदलायचे) नियम भरा.

रेप्लिका हाताने पॉवर ऑन करू नका. कन्सोलमधून फेलओव्हर नाऊ (काम रेप्लिकावर हलवणं) वापरा, म्हणजे नंतर अनडू किंवा फेलबॅक करता येतं. फेलओव्हर करण्यापूर्वी जळगावचं मूळ मशीन खरंच बंद आहे का, ते बघा. दोन्ही एकाच वेळी चालली तर निम्म्या नोंदी इकडे आणि निम्म्या तिकडे होतात, आणि त्या एकत्र करायला कुठलंच सॉफ्टवेअर मदत करत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. जळगावची खोलीच गेली तर बॅकअप सर्व्हरही गेलेला असतो, मग फेलओव्हरचं बटण दाबायचं कुठून? त्यासाठी कॉन्फिगरेशन बॅकअपची प्रत, त्याच आवृत्तीचं आयएसओ आणि एक रिकामं विंडोज यंत्र धुळ्यात तयार ठेवा.

११. परत उभं करून पाहा

हिरवी खूण म्हणजे फाइल लिहिली गेली, इतकंच. दर महिन्याला एक फाइल आणि एसक्यूएलचा एक डेटाबेस बाहेर काढून पाहा. दर तीन महिन्यांनी ईआरपी इन्स्टंट रिकव्हरीने नेटवर्क न जोडता सुरू करा, त्यात लॉगिन करा, कालचं शेवटचं बिल उघडा. बिलाचा नंबर छापील प्रतीशी जुळला तरच चाचणी झाली म्हणा. धुळ्याचं फेलओव्हर वर्षातून दोनदा. आषाढ-श्रावणात जिनिंग थंड असते, तेव्हा एकदा. कापूस यायच्या आधी चुका दुरुस्त करायला वेळ मिळतो. दुसरं आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीला जोडून.

चाचणी तुम्ही स्वतः करू नका. तुम्ही फक्त शेजारी बसा आणि ऑफिसमधल्या दुसऱ्या माणसाला लिहून दिलेल्या पायऱ्यांवरून करू द्या. तो जिथे अडतो तिथे कागदात ओळ कमी आहे. त्याच कागदावर हेही लिहा की हल्ला झाल्यास सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ६ तासांच्या आत कळवायचं आहे, आणि कळवणारा माणूस कोण.

प्रत्येक चाचणीची एक ओळ वहीत जाऊ द्या: तारीख, मशीन, सुरुवात किती वाजता, पहिलं लॉगिन किती वाजता, शेवटचं बिल कुठल्या वेळेचं मिळालं. पहिल्या पानावर मालकाच्या सहीचा कागद चिकटवा. ईआरपीच्या रकान्यात ४ तासांऐवजी ६ तास लागल्याचं दिसलं, तर पुढच्या खरेदीत डिस्क वाढवायच्या की धुळ्याची जोडणी, हे त्या वहीवरूनच मालकासमोर मांडा.